वीस किलोच्या आतले दुधी

कारखान्याच्या फाटकावर, वजनकाट्याच्या केबिनमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला जगात दोनच प्रकारच्या वस्तू दिसतात: भरलेल्या आणि रिकाम्या. काटेसाहेबांना तिसराही एक प्रकार दिसायचा. तो म्हणजे ते स्वतः.

काटेसाहेब हे नाव गल्लीने दिलेलं. त्यांनी ते मानाचं समजून घेतलं. गल्लीने काही तसं समजून दिलेलं नव्हतं. नोकरीचं स्वरूप सोपं होतं. ट्रक यायचा, काट्याच्या लोखंडी फळीवर चढायचा, साहेब आकडा बघायचे. ट्रक माल उतरवून परत यायचा, साहेब पुन्हा आकडा बघायचे. भरलेला वजा रिकामा, उरला तो माल. या एका वजाबाकीवर त्यांचा संसार चालला, आणि दुसरी कुठली शिकायची गरज न पडल्यामुळे तिच्यावरच त्यांचं तत्त्वज्ञानही उभं राहिलं. काटा वीस-वीस किलोंच्या पायऱ्यांनी चढायचा. एखादा ड्रायव्हर गयावया करायचा, "साहेब, थोडक्यासाठी मालक माझ्या बोकांडी बसेल हो." साहेब खिडकीतून मानही बाहेर न काढता म्हणायचे, "वीसच्या आतलं काटा धरत नाही."

हे वाक्य त्यांना इतकं आवडलं, की निवृत्त होताना ते त्यांनी घरी आणलं. इतर लोक भिंतीवरचं घड्याळ आणतात.

घरी त्याचे प्रयोग सुरू झाले. बायकोचा गुडघा दुखला: वीसच्या आतलं. शेजाऱ्याला पुरस्कार मिळाला: कुठल्या तरी वाचनालयाचा ना? वीसच्या आतलं. बायको एका दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावायचं काम करायची. दिवसभर लोकांची उघडी तोंडं बघून आलेल्या बाईला घरचं उघडं तोंड बंद करायचा उत्साह नसे. ती "बरं" म्हणायची आणि कांदा चिरायला घ्यायची.

पण एकदा हे वाक्य भलत्या ठिकाणी पडलं. त्यांच्या एकुलत्या एक लेकीने, जिला घरात सगळे चिमी म्हणत, लग्नासाठी माणूस निवडला तो वाद्यं जुळवणारा. लोकांच्या घरी जायचं, बेसूर झालेल्या पेट्या आणि पियानो उघडायचे, कान लावायचा, खुंट्या पिळायच्या, आणि वाद्य होतं तिथेच ठेवून परत यायचं. साहेबांनी त्याला जेवायच्या टेबलापाशी समोर बसवून विचारलं, "म्हणजे तुम्ही नेमकं देता काय?"

"सूर," तो म्हणाला.

"त्याचं वजन किती?"

तो हसला. विनोद आहे असं त्याला वाटलं. बिचारा नवीन होता. मग साहेब बायकोकडे वळून, तो तिथे नसल्यासारखे म्हणाले, "वीसच्या आतलं काटा धरत नाही." चिमी ताटावरून उठली. त्याला हाताला धरून उठवलं. लग्न झालं ते या घरात कळलं फोनवरून, आणि त्यानंतर गेली काही वर्षं ती आईशी फोनवर बोलायची, तेही बाबा आंघोळीला गेले असतील अशा वेळी. साहेब आंघोळीला हल्ली फार वेळ लावायचे. का, ते त्यांना कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलंही नाही.

ट्रक संपले, जावई संपला, तोलायला काही उरलं नाही, तेव्हा साहेबांनी घरामागच्या तुकड्यात दुधी लावला.

गल्लीच्या टोकाला एक सभागृह होतं. तिथे दर उन्हाळ्याच्या शेवटी भाजी-फुलांचं प्रदर्शन भरायचं आणि सगळ्यांत वजनदार भाजीला एक चषक मिळायचा. चषक पत्र्याचा होता, पण त्यावर 'वजनदार' हा शब्द कोरलेला होता, आणि साहेबांना एवढं पुरेसं होतं. दुधी मोठा करायची रीत त्यांनी एका माहितगाराकडून उचलली. वेलावर एकच फळ ठेवायचं. बाकीची, बोटाएवढी झाली की खुडायची, म्हणजे वेलाचा सगळा रस त्या एकाच्या पोटात जातो. साहेबांना ही रीत पहिल्या ऐकण्यातच पटली. घर त्यांनी याच रीतीने चालवलं होतं.

रोज सकाळी ते चष्मा लावून वेलाखाली शिरायचे. अंगावर पांढरी लव असलेले, टोकाशी अजून फूल चिकटलेले कोवळे दुधी पटापट खुडायचे आणि कोपऱ्यातल्या खताच्या खड्ड्यात टाकायचे. "कचरा," म्हणायचे. मोठा दुधी एका चादरीच्या झोळीत टांगलेला असायचा. चादर बायकोच्या आहेरातली होती. ती तिला वर्षभर सापडत नव्हती.

आता या घरात उन्हाळाभर दुधीचं तोंडीलावणं व्हायचं. साधीच गोष्ट: पातळ चकत्या, लसूण, मिरपूड, वरून लिंबू. साहेबांना ते फार आवडायचं. आवडलं की ते स्वयंपाक करणारीचं कौतुक करत नसत, माल पुरवणाऱ्याचं करत. "कोपऱ्यावरचा भाजीवाला बघ," ते चकती काट्याने उचलून म्हणायचे. "माल असावा तर असा. बी नाही, जून नाही. आपल्या गल्लीतल्या हौशी लोकांनी शिकावं त्याच्याकडून." एकदा तर ते मुद्दाम कोपऱ्यावर जाऊन त्या भाजीवाल्याची पाठ थोपटून आले. भाजीवाला दुधी ठेवतच नसे. पण पाठ थोपटली जात असताना हरकत घेईल तो भाजीवाला कसला. त्याने त्यांना जुने बटाटे विकले.

त्या वर्षीचा दुधी साहेबांच्या हातून झालेला सगळ्यांत मोठा दुधी होता. शेजाऱ्याने सामान तोलायचा स्प्रिंगचा काटा आणून हळूच झोळीला लावून पाहिला आणि म्हणाला, "नऊ किलो भरला की हो!" साहेबांनी त्याच्याकडे अशी नजर टाकली, की त्याने काटा पाठीमागे लपवला. "स्प्रिंगच्या काट्यावर मी भंगारसुद्धा तोलत नाही," साहेब म्हणाले.

आणि अशात चिमीचा फोन आला. साहेब आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर बायको फोन हातात तसाच धरून उभी.

"चिमी येतेय. पुढच्या पुढच्या शनिवारी. दोघं येतायत."

साहेबांनी टॉवेल खांद्यावर सारखा केला. "कशाला?"

"जेवायला. माणसं जेवायला येतात."

"मी कुठे नको म्हटलं."

"ती म्हणाली, मोठा घाट घालू नकोस. आपलं दुधीचं तोंडीलावणं कर, ते खाऊन कित्येक वर्षं झाली."

"मग कर की. भाजीवाल्याकडून आण."

बायकोने फोन ठेवला. तिने हे इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं ते कधीतरी भांडणात वापरायला. पण आज भांडण नव्हतं, नुसती अडचण होती, म्हणून तिने ते अडचणीसारखंच सांगितलं. "भाजीवाला दुधी ठेवत नाही. कधीच नव्हता ठेवत. तुम्ही खड्ड्यात टाकता ते मी उचलून आणते."

खड्ड्यातलं खाल्लं याचा धक्का साहेबांना बसला नव्हता. ते पचलं होतं. धक्का बसला तो कौतुकाचा. इतकी वर्षं ते ज्याची वाहवा करत होते, तो त्यांचाच कचरा होता.

"मग आण उचलून," ते म्हणाले.

"कुठून? बघा तरी जाऊन. त्या धोंड्याने वेल शोषून घेतलाय. पंधरा दिवसांत एक फळ धरलं नाही. तो उतरवलात तर वेल पुन्हा फळं धरेल. नाहीतर चिमीला सांगते, तुझ्या बाबांचा दुधी बघून जा, खायला बटाटे आहेत."

"प्रदर्शन त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी आहे," साहेब म्हणाले. "नियम आहे. देठ ताजा लागतो. आधी तोडलेला माल घेत नाहीत."

"बरं," बायको म्हणाली आणि कांदा चिरायला घेतला.

कांदा पुढे दोन दिवस चिरला जात होता, असं साहेबांना वाटलं. त्या दोन दिवसांत त्यांनी संध्याकाळी वेलाखाली बसून पाहिलं. दुधीची पांढरी फुलं अंधार पडायला लागला की उमलतात. ती उमलली, सगळी नर, फळ न धरणारी, आणि सकाळी गळून पडली. बायकोने पुन्हा विषय काढला नाही. आंघोळीच्या वेळी फोन वाजला, ती दार लोटून घेऊन बोलली. साहेब नळ बंद करून उभे राहिले. "नाही गं, काही बोलले नाहीत," एवढंच ऐकू आलं. आपण येऊ नये असं त्यांना वाटतं का, हे पलीकडून विचारलं गेलं असणार, हे कळायला काटा लागत नव्हता. मग त्यांनी नळ पुन्हा सोडला.

साध्या माणसाने अशा वेळी विळा घेतला असता. साहेब साधे नव्हते. त्यांनी योजना आखली. दुधी आज तोडायचा, थेट कारखान्याच्या काट्यावर न्यायचा, सही-शिक्क्याची छापील वजनपावती घ्यायची आणि प्रदर्शनाच्या समितीपुढे टाकायची. सरकारमान्य काट्याची पावती! तिच्यापुढे ताज्या देठाची काय कथा. चषकही मिळेल, वेलही सुटेल, आणि लेकीसाठी काही केलं असं कबूलही करावं लागणार नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची कला साहेब या वयात शिकले ती अशी.

त्यांनी दुधी उतरवला, चादरीत गुंडाळला, रिक्षात स्वतःच्या शेजारी बसवला.

काट्यावर आता त्यांच्या जागी एक बाई होत्या. साहेबांनीच त्यांना शिकवलेलं. त्या अदबीने केबिनबाहेर आल्या, चादर पाहून दचकल्या, आत दुधी आहे हे कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

"एक वजन करायचंय," साहेब म्हणाले. "पावतीसकट."

बाईंचा चेहरा कसनुसा झाला. पण गुरू तो गुरू. साहेबांनी दुधी फळीच्या मध्यभागी ठेवला. ट्रकच्या चाकांनी गुळगुळीत झालेल्या त्या लांबच लांब लोखंडावर तो एखाद्या सांडलेल्या वाटाण्यासारखा दिसत होता. वरच्या लाल आकड्यांत काही हललं नाही. शून्य.

"अडकलाय काटा," साहेब म्हणाले.

"सकाळीच तपासलाय, साहेब."

मागे सिमेंटचा एक ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि मजा बघायला खिडकीवर कोपर टाकलं.

"तुम्ही त्याला घेऊन उभे राहा ना साहेब," बाईंना कीव आली. "भरलेलं घेऊ. मग रिकामे उभे राहा."

साहेब दुधी छातीशी धरून काट्यावर उभे राहिले. आकडा चढला: ऐंशी. दुधी खाली उतरवून, चादर झटकून, पुन्हा उभे राहिले. आकडा: ऐंशी. ड्रायव्हरने वजाबाकी त्यांच्या आधी केली. तो खो खो हसला.

"असं कसं?" साहेब ओरडले. "हातांना कळत होतं मला! एवढं ओझं—"

"कळत असेल, साहेब. पण हा वीस-वीसनेच चढतो. अधलंमधलं त्याला दिसत नाही." बाईंनी मान खाली घातली आणि अगदी आदराने, शिकवलेला धडा गुरूला म्हणून दाखवावा तसं म्हटलं, "वीसच्या आतलं काटा धरत नाही. तुमचंच वाक्य. आम्ही आत लिहून लावलंय."

"मग शून्याची तरी पावती द्या!"

"शून्याची पावती मशीन काढत नाही, साहेब. तुम्ही जरा बाजूला होता का? मागे ट्रक आहे."

रिक्षावाल्याने परतीला विचारलं, "घेतला नाही का हो कुणी?" घरी आल्यावर साहेबांनी दुधी मागच्या दाराशी ठेवला, तिथे तो दार वाऱ्याने आपटू नये एवढ्या कामाचा ठरला. त्या घरात त्याने केलेलं ते पहिलंच उपयोगी काम. "काटा बिघडलाय," एवढंच साहेब म्हणाले. बायकोने चादर उचलून भिजत घातली.

वेलाला मात्र कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. ओझं उतरताच आठवडा पुरा व्हायच्या आत त्याने माद्या फुलवल्या. साहेब संध्याकाळी मऊ कुंचला घेऊन एका फुलातलं पिवळं दुसऱ्यात नेऊन लावत बसायचे. पूर्वी हे एकासाठी करत, आता भेटेल त्याला. सकाळी सवयीने हात खुडायला पुढे जायचा. मग मागे यायचा. एकदा बायकोने खिडकीतून पाहिलं, ते हात पाठीमागे बांधून वेलाखाली उभे होते, संग्रहालयात उभं राहतात तसे.

शनिवारी सकाळी तीन दुधी मिळाले. वीतभर लांब, लव असलेले, नख लावलं तर पाणी यावं असे. साहेबांनी ते तळहातावर उचलून पाहिले. "हे तर काहीच नाही," ते म्हणाले. "चार माणसांना?"

"तोंडीलावणं आहे ते. तोंडाला लावायचं, पोट भरायचं नाही. द्या इकडे. नका, साल नका काढू! कोवळ्याची साल काढायला तुम्ही काय बटाटे समजलात? चकत्या करा. पातळ. याहून पातळ. पलीकडचं दिसलं पाहिजे."

साहेब चिरत होते. हे काम आपल्याकडे कसं आलं हे त्यांना कळलं नव्हतं. बायकोने तवा तापवला, तेलात ठेचलेली लसूण टाकली, ती पिवळी व्हायच्या आत चकत्या पसरल्या. तवा काठोकाठ भरला. साहेबांनी मिठाचा डबा उघडला आणि भरल्या तव्याकडे बघून चमचा भरला. ज्याच्या डोळ्यापुढे कायम भरलेला ट्रक, तो दुसरं काय करणार.

बायकोने त्यांचं मनगट हवेत धरलं. "आत्ता नाही. आधी घातलंत तर पाणी सुटेल, आणि एवढा ढीग बघून घातलंत तर खारट विष होईल. याचं शिजून मूठभर होतं. जे उरेल त्याच्या मापाने मीठ."

मोठ्या आचेवर चकत्यांच्या कडा तांबूस झाल्या, मधला भाग पारदर्शक झाला, ढीग बसला. खरंच मूठभर उरलं. तिने चिमूटभर मीठ घातलं, मिरपूड घातली, आच बंद करून लिंबू पिळलं. मग हात धुता धुता, पेशंटला सांगावं तशा आवाजात म्हणाली, "आणि आज तोंड फक्त खाण्यासाठी उघडायचं. कळलं ना?"

"मी काय बोलतो?"

"तेच."

दोघं आली ती हातात पिशवी नाही, अंगावरच्या कपड्यांनिशी. उठून जायला सोपं. चिमी टेबलाशी दाराच्या बाजूची खुर्ची धरून बसली. नवरा, पूर्वीसारखाच सडपातळ, साहेबांच्या समोर. भात वाढला गेला, वरण वाढलं गेलं, हवा कशी आहे यावर एकमत झालं. चिमीने तोंडीलावण्याची एक चकती खाल्ली आणि डोळे मिटले. "आई, हेच." मग आजूबाजूला बघत म्हणाली, "पण बाबा, तुमचा मोठा कुठंय? उद्या प्रदर्शन ना?"

बायकोने टेबलाखाली साहेबांच्या पायाला पाय लावला. उशीर झाला होता. ज्या विषयावर पंधरवडाभर घुसमट झाली, तो विषय कुणीतरी आपणहून काढला होता, आणि साहेब फुटले. "अगं, नाव काढू नकोस त्या काट्याचं! मी माझ्या छातीशी धरून उभा. हात भरून आले. आणि मशीनची वजाबाकी शून्य! माल डोळ्यांना दिसतोय, हातांना लागतोय, आणि ती बया मला तोंडावर सांगते, वीसच्या आतलं काटा धरत ना—"

शब्द अर्ध्यात राहिला. तो आपण कुणाला ऐकवला होता हे साहेबांना आत्ता आठवलं. आणि याच टेबलाशी. बाकी तिघांना ते आधीच आठवलेलं होतं. चिमीने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि खुर्ची मागे सरकवली.

"चिमी," बायको म्हणाली.

साहेबांनी तोंड उघडलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडावर खिडकी लावलेल्या माणसाला माफी मागायची कुठली खिडकी माहीत असणार? त्यांनी ते मिटलं.

"मी बासष्ट किलो आहे, बाबा," जावई म्हणाला. तो ताटाकडेच बघत होता, चकतीने ताटातला लिंबाचा रस पुसत. "मागच्या महिन्यात तोललं. मला धरेल तो काटा. साठ दाखवेल. दोन किलो जातील, पण ते चालवून घेऊ."

मग चिमीच्या घशातून एक आवाज आला. तो रडण्याचा असेल असं साहेबांना वाटलं आणि ते घाबरले. पण ती हसत होती, तोंडात घास असताना हसू नये तशी, डोळ्यांतून पाणी काढत. बायको हसली. साहेब सगळ्यांत शेवटी हसले, आणि तेही पुरतं नाही. त्यांना अजून दोन किलोंचा हिशेब पटत नव्हता.

वाडग्यात शेवटच्या चार चकत्या उरल्या होत्या. साहेबांनी चमचा घेतला आणि त्या चारही जावयाच्या ताटात लोटल्या. "घ्या," ते गुरकावले. "उगीच वाया जायचं."

याहून जास्त वजनाचं काही त्यांच्याकडून त्या दिवशी निघालं नाही. बायकोने इतकी वर्षं तोंडं बघितली होती. कुठल्या तोंडातून किती निघू शकतं याचा तिला अंदाज होता. तिने पाय मागे घेतला.

जेवणानंतर जावई हात पुसत मागच्या दाराशी गेला, वाकला, आणि दाराला लावलेल्या दुधीवर बोटाच्या पेराने टकटक केली. कान लावला. "बाबा, हा फेकू नका. सावलीत वाळवा. आतलं सगळं सुकलं की आवाज छान येईल."

"म्हणजे रिकामा झाल्यावर?"

"हो. आत्ता ठस्स आहे."

साहेबांनी यावर विचार केला. तो चेहऱ्यावर दिसला, आणि सुखाचा नव्हता.

चिमी पायांत चपला सरकवत होती. तिने वळून बघितलं नाही, पट्टा ओढताना नुसतं विचारलं, "पुढच्या शनिवारी किती होतील, बाबा?"

साहेब चष्मा शोधायला आत पळाले. मग वेलाखाली शिरले, पानं वर करकरून पाहिलं, बराच वेळ बाहेर आले नाहीत. आतून त्यांचा आवाज आला, नेहमीचाच, कुरकुरा, तुच्छतेने भरलेला:

"पाच दिसतायत! एकाचाही काही जीव नाही, हातात धरण्यासारखा एक नाही! पण पाच आहेत!"

"मग आम्ही येतो," चिमी म्हणाली.